निव्वळ शून्याचा जमाखर्च

बँकेच्या सेवेत असताना दर ३१ मार्चला रात्री उशिरापर्यंत हिशेब जुळवण्याचे काम चाले. जमा आणि नावे यांतील फरक शून्य झाला, की शाखेतील सर्वांचा जीव भांड्यात पडे. हवामान धोरणातील ‘नेट झिरो’, म्हणजे निव्वळ शून्य, ही संज्ञा प्रथम वाचली तेव्हा मला तीच रात्र आठवली. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून देश वर्षभरात जेवढे हरितगृह वायू हवेत सोडतो, तेवढेच वने, माती आणि तंत्रज्ञान यांच्या साहाय्याने परत शोषले गेले, की बाकी शून्य. धूर मुळीच न काढणे असा त्याचा अर्थ नव्हे.

१ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगो येथील हवामान परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भारत २०७० पर्यंत ही स्थिती गाठेल, अशी घोषणा केली. युरोपीय संघाने त्यासाठी २०५० हे, तर चीनने २०६० हे वर्ष ठरवले आहे. आपण अधिक मुदत घेतली ती सकारण. आपले दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे आणि जबाबदारी सर्वांची असली तरी तिचा वाटा ज्याच्या त्याच्या कुवतीनुसार असावा, हे तत्त्व १९९२ च्या हवामान करारातच मान्य झालेले आहे.

प्रगतीही झाली आहे. विजेच्या स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के क्षमता कोळसा, तेल व वायू यांच्याव्यतिरिक्त अन्य स्रोतांची असावी, हे २०३० साठीचे उद्दिष्ट आपण २०२५ मध्येच गाठले. मात्र बँकेच्या भाषेत सांगायचे तर मंजूर कर्जमर्यादा वेगळी आणि प्रत्यक्ष उचल वेगळी. सूर्य रात्री मावळतो, वारा पडतो. त्यामुळे प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेपैकी दोन तृतीयांशांहून अधिक वीज आजही कोळशाचीच असते.

‘२०७० चे २०७० साली पाहू,’ असे व्यापारी मंडळींना वाटणे स्वाभाविक आहे. मलाही तसेच वाटत असे. पण गेल्या वर्षी सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत नट-बोल्टचा कारखाना चालवणारे माझे एक जुने खातेदार घरी आले. त्यांच्या हाती युरोपातील ग्राहकाने पाठवलेला भलामोठा तक्ता होता. एक टन बोल्ट तयार होताना किती कर्बवायू हवेत गेला, हे त्यात भरायचे होते. ते म्हणाले, “साहेब, आजवर माल तोलून दिला. आता धूरही तोलून मागतात!”

ही मागणी त्या ग्राहकाच्या मनची नव्हती. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीवर कर्बशुल्काची व्यवस्था आणली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती द्यावी लागे. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा काळ सुरू झाला. शुल्काचा भरणा तेथील आयातदार करतो, परंतु त्याचा भार तो आपल्या भावातून वळता करणार, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. खरी आकडेवारी मिळाली नाही, तर ठोक आकडा लावला जातो आणि तो सहसा चढा असतो.

आम्ही दोघे तक्ता भरायला बसलो. विजेचा हिशेब सोपा होता. आपल्या राष्ट्रीय ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो आणि एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो कर्बवायू धरतात. महिन्याला १,००० युनिट आणि १०० लिटर डिझेल लागले, तर वर्षाला साधारण साडेअकरा टन. बिले फाईलला होती, उत्तर अर्ध्या तासात निघाले.

अडले ते पुढे. बोल्टच्या हिशेबातील मोठा वाटा कारखान्यातील विजेचा नसून मूळ पोलादाचा असतो. कोळशाच्या भट्टीतील पोलाद आणि भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेले पोलाद यांच्या कर्बभारात मोठे अंतर असते. तार कोणत्या मिलची, हे विचारायला त्यांनी आपल्या स्टॉकिस्टला फोन लावला. उत्तर आले, “शेठ, तीन मिलचा माल एकाच गोदामात. बिल पक्के आहे, आणखी काय पाहिजे?”

साखळी तुटली ती येथे, आपल्यासारख्याच एका सचोटीच्या पेढीवर. ना मिलची चूक, ना कारखानदाराची. मधल्या व्यापाऱ्याने माल पुढे दिला, मालाची माहिती गोदामातच राहिली. त्या खेपेला ठोक आकडाच भरावा लागला आणि पुढील ऑर्डरच्या वेळी ग्राहकाने भाव पाडून मागितला.

धोरणाची दिशाही आता हीच आहे. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलादा’ची व्याख्या निश्चित केली: एक टन तयार पोलादामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन. १.६ टनांहून कमी असल्यास पाच तारे. देशांतर्गत कर्ब-पत व्यापाराची योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली आहे. आज निर्यातदाराला विचारला जाणारा प्रश्न उद्या देशातील मोठे खरेदीदारही विचारतील.

म्हणून पेढी सांभाळणाऱ्या तरुणांना माझे सांगणे एवढेच. मिलनिहाय माल वेगळा ठेवा, मिलचा दाखला बिलासोबत पुढे द्या आणि वीज-डिझेलची नोंद दरमहा एका पानावर करा. भंगाराच्या व्यापारात असाल, तर आपला माल यापुढे अधिक मोलाचा ठरेल, हेही ध्यानात घ्या. यासाठी भांडवल लागत नाही. लागते ती शिस्त, आणि ती आपल्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

माझ्या त्या खातेदारांनी यंदा पाडव्याला रोजमेळ व खतावणी यांच्या शेजारी तिसरी वही मांडली. तिच्यावर नाव लिहिले आहे, ‘धुराचे खाते’.