श्वानदंशावरील जुनी लस व तिच्यापासून क्वचित होणारा पक्षाघात

कुत्रे चावलेल्या मनुष्यास दवाखान्यात नेण्याचा विषय निघाला की, “पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात, त्याने माणूस लुळा पडतो” असे उद्गार घरातील वृद्ध मंडळींकडून अजूनही ऐकावयास मिळतात. ही भीती अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या लशीमुळे ती निर्माण झाली, ती लस आपल्या देशात आता वापरात राहिलेली नाही. ही हकीकत गावोगावच्या कार्यकर्त्यांस नीट ठाऊक असल्यास त्यांना लोकांची समजूत घालणे सुलभ जाईल.

फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका मुलास प्रथम लस टोचली. ती रोगट सशाचा मज्जारज्जू वाळवून तयार केलेली होती. पुढे १९११ च्या सुमारास कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी निराळी पद्धत बसविली. मेंढीस रोगाची लागण करावयाची, तिचा मेंदू काढून वाटावयाचा व फेनॉल घालून त्यातील विषाणू निर्जीव करावयाचे, अशी ती पद्धत होय. लस स्वस्त होती व देशातच तयार होत असे. त्यामुळे पुढील सुमारे नव्वद वर्षे सरकारी दवाखान्यांतून तीच दिली गेली. ती रोज एक याप्रमाणे अनेक दिवस पोटाच्या कातडीखाली टोचीत.

या लशीतून विषाणूबरोबर मेंढीच्या मेंदूचा अंशही शरीरात जाई, आणि खरा धोका तेथेच होता. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टण असते तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. हे आवरण शाबूत असेल तरच मेंदूचा संदेश हातापायांपर्यंत नीट पोहोचतो. मेंढीच्या व मनुष्याच्या मायलिनमधील प्रथिने फार मिळतीजुळती असतात. परक्या द्रव्याचा शिरकाव झाला की शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे व लढाऊ पेशी तयार करते. मेंढीच्या मायलिनविरुद्ध तयार झालेली ही फौज क्वचित एखाद्याच्या शरीरात स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटे. टोचणीस आरंभ झाल्यापासून साधारण एक ते दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, पायांतील शक्ती जाणे, लघवी अडणे अशी लक्षणे दिसू लागत. कित्येक रुग्ण काही आठवड्यांत बरे होत, काहींस कायमचे अपंगत्व येई व काही दगावत.

हा पक्षाघात लशीतील विषाणूमुळेच होत असावा, असा संशय आरंभी घेतला जाई. अमेरिकेतील रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स व त्यांचे सहकारी यांनी १९३३ च्या सुमारास माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचला. त्यात रोगाचा विषाणू नव्हता, तरीही काही माकडांच्या मेंदूस दाह होऊन मायलिन नष्ट झाल्याचे दिसून आले. पुढे १९८७ साली थायलंडमधील संशोधकांनी अशा रुग्णांच्या शरीरात मायलिनच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे दाखवून दिली. अपघाताचे प्रमाण ठिकठिकाणी निरनिराळे आढळले. कोठे काही शेकड्यांत एक, तर कोठे काही हजारांत एक. एकदा लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून मनुष्य जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून हा धोका पत्करूनही लस देणे त्या काळी योग्यच होते.

मात्र मेंदूविरहित लस उपलब्ध झाल्यावरही जुनी लस अनेक वर्षे चालू राहिली, हे खेदाने नमूद करणे भाग आहे. ऐपत असलेले लोक नवी लस विकत घेत, आणि गरिबाच्या वाट्यास मेंढीच्या मेंदूची लस येई. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले.

सध्याची लस प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर, उदाहरणार्थ माकडाच्या मूत्रपिंडाच्या किंवा कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर, तयार करतात. तीत मेंदूचा अंश नसतो. ती दंडात देतात, लहान मुलांस मांडीत देतात. पोटात किंवा कुल्ल्यात देत नाहीत. कातडीत देण्याच्या पद्धतीत चार वेळा व स्नायूत देण्याच्या पद्धतीत पाच वेळा जावे लागते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसही ती देता येते. टोचल्या जागी दुखणे, थोडा ताप येणे एवढाच त्रास बहुधा होतो. मज्जातंतूंचे विकार या लशीनंतरही अत्यंत क्वचित नोंदले गेले आहेत. म्हणून हातपाय लुळे वाटल्यास ताबडतोब डॉक्टरांस दाखवावे. मात्र उरलेल्या मात्रा स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

चावा लागताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. ओरखडा लहान दिसला तरी आरोग्य केंद्रात जावे. रक्त निघाले असल्यास जखमेभोवती तयार प्रतिपिंडांचे औषधही द्यावे लागते, ते आहे किंवा नाही याची तेथे चौकशी करावी. बैल वा म्हैस चावली गेल्यास पशुवैद्यकाकडे जाण्यास विलंब करू नये.

पूर्वी पोटात सुया घेतलेल्या वृद्धास पुन्हा कुत्रे चावल्यास, “मी एकदा घेतले आहे” असे तो सांगतो व एकदोन मात्रांवर थांबू पाहतो. जुन्या लशीचे टोचणे या कामी हिशेबात धरीत नाहीत. अशा मनुष्यास लस कधीच न घेतलेला समजून संपूर्ण मात्रा द्याव्या लागतात. म्हणून पूर्वी कोणती लस व कोणत्या साली घेतली, हे डॉक्टरांस आपण होऊन सांगावे.