व्यंगाची आभ्यंतर चिकित्सा : सुरक्षिततेचा विचार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या १३ व्या अध्यायात व्यंगाची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. क्रोध व आयास यांनी प्रकुपित झालेला वायू पित्तासह मुखाशी येऊन वेदनारहित, तनु, श्याववर्णी मंडल उत्पन्न करतो. रोग क्षुद्र असला तरी रुग्णेचे दुःख क्षुद्र नसते. त्यामुळे ती कोणतेही औषध घेण्यास सिद्ध होते आणि आपली जबाबदारी वाढते.

व्यंगाशी साम्य असलेल्या मेलाझ्मासाठी ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या २५० मि.ग्रॅ.च्या गोळ्या दिवसातून दोनदा देण्याचा प्रघात आहे. हे मुळात रक्तस्राव थांबविणारे औषध; ते रक्ताची गुठळी सहजी विरघळू देत नाही. संततिनियमनाच्या संयुक्त गोळ्यांनी मेलाझ्मा वाढतो आणि गुठळीचा धोकाही वाढतो. म्हणजे जिच्या डागांचे मूळ या गोळ्यांत आहे, तिलाच हे औषध अधिक घातक ठरू शकते. तेव्हा आम्ही प्रथम चालू औषधांची यादी मागतो. गर्भावस्था, पूर्वी झालेली गुठळी, पक्षाघात, हृद्रोग व वृक्कविकार यांची विचारपूस करतो. निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा; संततिनियमनाचा पर्याय मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच बदलावा.

आपली औषधे सर्वथा निर्धोक, हा समजही सोडावयास हवा. श्वित्रात उपयुक्त असलेल्या बाकुचीतील सोरालेन उन्हाच्या साहाय्याने त्वचेचा वर्ण गडद करते; बाकुचीमुळे यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. त्वचारोगावरील औषध म्हणून व्यंगात ती दिली, तर डाग वाढण्याचीच भीती. आरोग्यवर्धिनीत पारद आहे. पारद परिशिष्ट ई-१ मध्ये समाविष्ट असल्याने, नियम १६१ अन्वये अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. औषधविक्रेत्या बंधूंनी ती सूचना वाचून दाखवावी व चिठ्ठीविना असे कल्प देऊ नयेत. मंजिष्ठा, सारिवा यांसारखी रक्तप्रसादक द्रव्येही अग्नी, कोष्ठ व गर्भावस्था पाहूनच योजावीत.

हिरड्या व ओठांच्या आतील भागही काळसर दिसत असेल, सोबत थकवा व वजन घटणे असेल, तर अधिवृक्क ग्रंथीचा विकार संभवतो. अशी रुग्णा तत्काळ तपासणीसाठी पाठवावी.

आतपसेवन टाळल्याविना कोणतेही आभ्यंतर औषध टिकाऊ फळ देत नाही. छत्री, पदर व संयम यांस काही महिने द्यावे लागतात. आठवड्यात उजळ कांतीचे आश्वासन देणाऱ्यापेक्षा हे स्पष्ट सांगणारा वैद्यच रुग्णेचे खरे हित साधतो.