ऊन हवं, ताप नको

एप्रिलमध्ये सिहोऱ्याच्या शिवारात उन्हाळी धानाला पाणी लागतंच. चांदपूर जलाशयाचं पाणी ज्याच्या बांधीपर्यंत येत नाही, त्याची सगळी भिस्त विहिरीवर. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत 10 टक्के हिस्सा भरून पॅनेल बसवलेला शेतकरी भर दुपारी बुचकळ्यात पडतो. डोक्यावर सूर्य आग ओकतोय, मग धार मनासारखी का नाही? पॅनेलात बहुधा खोट नसते. खोड आहे ती त्यातल्या सिलिकॉनची.

सिलिकॉनच्या प्रत्येक अणूचे बाहेरचे चारही इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बांधलेले असतात. शुद्ध सिलिकॉनमध्ये नेहमीच्या तापमानाला पाच लाख कोटी अणूंमागे जेमतेम एक इलेक्ट्रॉन मोकळा सापडतो. तो सुटला की मागे रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. ही रिकामी जागाही वीज वाहते. खच्चून भरलेल्या तुमसर-सिहोरा एसटीत पुढचा प्रवासी उतरला, की कंडक्टर ‘पुढं सरका’ म्हणतो. माणसं एकेक पाऊल पुढे जातात आणि मोकळी जागा मागे मागे सरकते. होलचंही तसंच.

आता दर पन्नास लाख अणूंमागे एखादाच बोरॉनचा अणू घाला. होलची संख्या दहा लाख पटीनं वाढते! फॉस्फरस घातला तर इलेक्ट्रॉन वाढतात. भेसळीचं एवढं कौतुक दुसऱ्या कुठल्या धंद्यात होत नसेल. असे दोन थर जोडले की जोडावर विद्युत क्षेत्र तयार होतं. प्रकाशानं सुटलेल्या इलेक्ट्रॉनला ते एका बाजूला आणि होलला दुसऱ्या बाजूला ढकलतं. सौर घट तो हाच. 1954 साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेनं पहिला कामाचा सिलिकॉन घट दाखवला, तेव्हा तो 6 टक्के प्रकाशाची वीज करत होता. आजची चांगली पॅनेलं 20 टक्क्यांच्या पुढे गेली आहेत.

तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. सिलिकॉनसारखा शुद्ध अर्धवाहक तापला की उलट अधिक वीज वाहू देतो, कारण उष्णताही इलेक्ट्रॉन सोडवते. म्हणजे गरम पॅनेल जास्त वीज देईल, असं वाटणं साहजिक आहे. पण उष्णतेनं सुटलेले हे वाहक जोडावरची गळती वाढवतात. एका घटाचं व्होल्टेज मुळात अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या दरम्यान, त्यातले दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्ट कमी होतात. प्रवाह किंचित वाढतो खरा, पण त्यानं तूट भरून निघत नाही.

पॅनेलवर छापलेले वॉट घटाचं तापमान 25 अंश धरून मोजलेले असतात. विदर्भाच्या दुपारी घट सहज 65 अंशांवर जातो. दर अंशाला सुमारे 0.35 टक्के तूट धरली, तर 3000 वॉटच्या संचाचे 2600 च्या आसपासच हाती लागतात. हा आकडा विकतानाच ठळकपणे सांगायला हवा.

तापमानावर आपला इलाज नाही, पण पॅनेल गार ठेवणारा वारा न अडवणं आपल्या हातात आहे. पॅनेलांखालची सावली आयती मिळते म्हणून तिथं धानाचं तणस रचू नका. काच धुवायची तर सकाळी, ती तापण्याआधी धुवा.