नकुशांची हजेरी
न सुटलेले प्रश्न : भाग ९

ऑक्टोबर २०११मध्ये साताऱ्यात २८५ मुलींचं नव्यानं बारसं झालं, सरकारी कार्यक्रमात. तोवर त्यांना नकुशी, नकुशा म्हणत. नको असताना झालेली, ती नकुशी. मुलीमागून मुलगी झाली की शेवटचीला हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो, ही समजूत. शाळेत रोज ते नाव पुकारलं जायचं आणि पोरीनं ‘हजर’ म्हणायचं. ती हजेरी माझ्या मनातून जात नाही.

पण नकुशा निदान जन्मल्या तरी. आजचं कोडं न जन्मलेल्या मुलींचं आहे. शिक्षण आणि पैसा आला, तिथेच मुली कमी का झाल्या?

निसर्गनियमानं हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हे प्रमाण १९९१मध्ये ९४६ होतं. २००१मध्ये ते ९१३ झालं, २०११मध्ये ८९४. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा देशात सर्वांत आधी आपण केला, १९८८मध्ये. घसरण त्यानंतरची आहे. ऊस, सहकार आणि शाहू महाराजांचा वारसा असलेल्या कोल्हापुरात २००१मध्ये ८३९ मुली होत्या. गडचिरोलीत, २०११मध्येही, ९६१.

अडाणीपणावर बोट ठेवून मोकळं होता येत नाही. २००६मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात देशभरातल्या ११ लाख घरांच्या पाहणीवर आधारित अभ्यास आला. पहिली मुलगी असेल, तर दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे ७५९च मुली जन्मत होत्या. पहिला मुलगा असेल, तर ही तूट दिसतच नव्हती. आणि दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्या आयांमध्ये ती निरक्षर आयांपेक्षा दुपटीहून अधिक होती. धर्मानुसार फरक नव्हता.

यातला एक धागा उलगडतो. पूर्वी मुलगा होईपर्यंत पाळणा हलत राहायचा. आता दोनच मुलं हवीत, त्यातला एक मुलगा हवाच, आणि तपासणीचे पैसे हाताशी आहेत. कुटुंब लहान झालं, हट्ट तेवढाच राहिला. त्याची किंमत दुसऱ्या मुलीनं मोजली.

मात्र हट्ट का राहिला, हे यातून कळत नाही. जमिनीला वारस हवा म्हणावं, तर ज्यांची शेती नाही अशा नोकरदारांच्या घरीही तोच हट्ट. म्हातारपणाची काठी म्हणावं, तर पेन्शनवाल्यांनाही मुलगा हवाच. हुंडा खरा आहे. पण मुली घटल्या, लग्नाची मुलं बिनलग्नाची राहू लागली, तरी मुलीच्या बापाचा खर्च काही संपला नाही. महाराष्ट्रानं १९९४मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला. बहिणी अजूनही हक्कसोडपत्रावर सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. कायद्याला दिसत नाही असं काहीतरी त्या सहीत आहे, आणि मला वाटतं कोड्याची गाठ तिथेच कुठेतरी आहे.

दक्षिण कोरियात मात्र ही गाठ सुटली. १९९०मध्ये तिथे १०० मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते. पुढच्या वीसेक वर्षांत प्रमाण निसर्गावर आलं. शहरीकरण, नोकरी करणाऱ्या मुली, पुरुषालाच कुटुंबप्रमुख मानणाऱ्या कायद्याचा शेवट, अशी कारणं अभ्यासक देतात. पण शहरं आणि नोकऱ्या तर पुण्या-मुंबईतही आल्या. आपल्याकडे जिल्हे एकमेकांच्या उलट चालले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत कोल्हापूर ८३९वरून ८६३वर चढलं, बीड ८९४वरून ८०७वर कोसळलं. कायदा तोच, राज्य तेच.

आणि गडचिरोली? माडिया गोंडांमध्ये वधूमूल्याची रीत आहे. शेतात, जंगलात बाईचं काम कमी लेखलं जात नाही. मग तिथे मुलगी नकोशी नव्हतीच, की सोनोग्राफीचं यंत्र जवळ नव्हतं एवढंच? २०११च्या आकड्यावरून हे सांगता येत नाही. २०२१ची जनगणना झाली नाही. दरम्यान गडचिरोलीत रस्ते आले, दवाखाने वाढले, घरं लहान होऊ लागली. नवे आकडे येतील तेव्हा मी आधी तोच जिल्हा उघडून बघणार आहे.