कॅसेटमधली सूं-सूं आणि आत्याचा आवाज

चौदा एप्रिल जवळ आला की पूर्वी आपल्या वस्त्यांमध्ये घराघरांतून टेप वाजायचे. आपल्या संगमनेरला लागून असलेल्या सिन्नर तालुक्यातले वामनदादा कर्डक, तसेच प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या कॅसेटी मागून आणायच्या आणि डबल कॅसेटच्या टेपवर भरून घ्यायच्या. एकाची दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने. शेवटच्या घरी गाण्यापेक्षा 'सूंऽऽ' जास्त ऐकू येई आणि आपण टेपला दोष देत असू.

मी कारकून, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. आवाज ही जमा, सूं-सूं हा खर्च. कॅसेटची पट्टी म्हणजे प्लॅस्टिकवर लोहचुंबकीय भुकटीचा थर. त्या असंख्य कणांच्या विस्कळीतपणातून ही सूं-सूं निघते. स्टुडिओतली सव्वासहा मिलिमीटर रुंदीची पट्टी सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावे. कॅसेटची पट्टी चार मिलिमीटरपेक्षा अरुंद आणि वेग अवघा ४.७६ सेंटिमीटर. म्हणून खर्च मुळातच जास्त. प्रत्येक नकलेत नव्या पट्टीचा खर्च वाढतो, जमा मात्र तेवढीच राहते. व्हॉल्यूम वाढवला तर दोन्ही सारखेच वाढतात, शिल्लक वाढत नाही.

यावर उपाय शोधणारे रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतातच होते. १९६५ साली त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. १९६८ साली घरगुती यंत्रांसाठी आलेल्या त्यांच्या पद्धतीत बारीक, उंच स्वर भरतानाच वाढवून ठेवत आणि वाजवताना तेवढेच कमी करत. त्याबरोबर सूं-सूं सुमारे १० डेसिबलने दबे. पण ही सोय भरतानाच करावी लागे. भरून झालेल्या कॅसेटला तिचा उपयोग नाही.

हे मला उशिरा कळले. १९९३ साली माझ्या आत्याने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या मी भरून ठेवल्या होत्या. आत्या गेल्यावर ती कॅसेट एका दुकानात 'साफ' करायला दिली. संगणकाने सूं-सूं काढली, पण तिच्याबरोबर 'स' आणि 'श' ही अक्षरे बोथट झाली, कारण सूं-सूं त्याच उंच स्वरांत मिसळलेली असते. जात्याची घरघरही गेली. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे कचरा, एवढेच यंत्राला ठाऊक. आता आत्या विहिरीतून बोलल्यासारखी वाटते. मूळ कॅसेट दुकानातच गहाळ झाली.

आपल्या आजी-आजोबांनी लिहून ठेवलेले फारसे नसते. त्यांचा आवाज हाच त्यांचा कागद. म्हणून घरात अशी कॅसेट असेल तर एवढे करा.

कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही चिमुकले तुकडे मोडा, म्हणजे चुकून वर काही भरले जाणार नाही. टेपचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसून वाळू द्या. कॅसेट थांबवल्यावर सूं-सूं थांबली तर ती पट्टीची, चालूच राहिली तर यंत्राची. 'घूंऽऽ' असा जाड आवाज असेल तर टेप सेलवर चालवून बघा. तो थांबला तर दोष विजेच्या जोडणीत आहे.

स्पीकरसमोर मोबाईल धरून भरू नका, त्यात पंख्याचा आवाजही येतो. वायर लावून थेट संगणकावर घ्या. नकलेवरून नको, मूळ कॅसेटवरूनच घ्या. ही पहिली फाईल सूं-सूंसकट जशीच्या तशी ठेवा. साफसफाई करायची ती तिच्या दुसऱ्या प्रतीवर. आणि मूळ कॅसेट घरीच, कोरड्या जागी, टीव्ही आणि स्पीकरपासून लांब ठेवा.

सूं-सूं पुढेही कधी काढता येईल. गेलेला आवाज परत भरता येत नाही.