नव्या पाण्याची घागर आणि आरोग्याचा वसा

आषाढ लागला, पंचगंगेला नवे पाणी आले आणि करवीरनगरीच्या गल्लीबोळांतून ‘पी-ढबाक’चा ओळखीचा नाद घुमू लागला, की त्र्यंबोलीच्या यात्रेची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार. पेठापेठांतील, तालमीतालमींतील मंडळी वाजतगाजत नदीवर जातात. सुवासिनी आणि लहान मुली नव्या पाण्याने भरलेल्या, हळदीकुंकवाने सजलेल्या घागरी डोईवर घेतात आणि मिरवणूक टेंबलाईच्या टेकडीची वाट धरते. देवळाच्या पायऱ्यांवर ते पाणी ओतले जाते, नैवेद्य दाखवला जातो आणि माथ्यावर आषाढसरी झेलीत मंडळी घरी परततात. करवीरच्या या लोकोत्सवाचे वर्णन आजवर पुष्कळांनी केले आहे. आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते त्या घागरीतील पाण्याकडे.

हे पाणी देवीला का वाहावयाचे? पाऊस आला, नदी भरली, पेरण्या साधल्या, याची कृतज्ञता हे एक कारण उघडच आहे. परंतु त्या कृतज्ञतेच्या पोटात एक भीतीही दडलेली आहे. याच दिवसांत गावोगावी मरीआईची पूजा बांधली जाते; आपल्या भागात तिला मरगाई म्हणतात. पटकीच्या साथीची ही देवता. पावसाळ्याच्या तोंडावर गावात हगवण-वांती सुरू व्हावी आणि आठवडाभरात घरेच्या घरे ओस पडावीत, असा अनुभव आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतला होता. जंतू त्यांना ठाऊक नव्हते. परंतु ऋतू ठाऊक होता. नवे पाणी जीवन घेऊन येते आणि त्याच पाण्यातून मृत्यूही येतो, हे त्यांनी अचूक हेरले होते. आषाढातील ही पूजा म्हणजे त्या जाणिवेनेच जोडलेले हात होत.

पूर्वजांनी जे हेरले त्याचा कार्यकारणभाव पुढे शास्त्राने उलगडला. उन्हाळाभर माळावर, ओढ्याकाठी आणि गटारांत साचलेली सारी घाण पहिल्या पावसाबरोबर नदीत, विहिरीत आणि फुटक्या नळांत उतरते. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचे रोगी कोणत्या घरांत आहेत याचा नकाशा मांडला आणि साऱ्या खुणा एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवीत असल्याचे सिद्ध केले. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात या रोगाचा जंतू ओळखला. तो जंतू आतड्यात विष सोडतो आणि त्यामुळेच शरीरातील पाणी झपाट्याने बाहेर पडते, हे १९५९ मध्ये त्याच कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले. म्हणजे मनुष्य मरतो तो अंगातील पाणी आणि क्षार संपल्याने. ते परत भरून काढले तर तो वाचतो.

हे ज्ञान घराघरापर्यंत येण्याची वाट मात्र एका मोठ्या संकटातून निघाली. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालच्या सीमेवर आले. बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातले आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात कालवून ते पिंपांत भरले आणि रोग्यांच्या नातलगांच्याच हाती पेले दिले. छावणीत शंभरांत सुमारे तीस जण दगावत होते. हे पाणी प्यालेल्यांत ते प्रमाण चाराच्याही खाली आले. २०२३ साली या वैद्याला मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. त्यांनी वाटलेले औषध आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात असते, ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते.

मग प्रश्न असा पडतो, की औषध घरात असूनही जुलाबाने मुले का दगावतात? कारण साखर-मीठ घरात असते, ते केव्हा आणि कसे द्यावयाचे हे ज्ञान घरात नसते. ‘पाणी दिले की जुलाब वाढतात’ ही समजूत आजही अनेक घरांतून ऐकू येते. मायेपोटीच एखादी आजी तान्ह्याचे पाणी तोडते, अंगावरचे दूध बंद करते, आणि ज्याला पाण्याची नितांत गरज असते तेच पोर पाण्यावाचून सुकत जाते. तिच्या मायेत उणे काहीच नसते. तिला कोणी, तिच्या भाषेत, तिच्या चुलीपाशी बसून सांगितलेले नसते, एवढेच. आरोग्यशिक्षण म्हणतात ते हेच सांगणे.

हे सांगणे कसे असावे याचा धडा शेजारच्या बांगलादेशानेच घालून दिला. १९८० ते १९९० या दशकात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या तेथे एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि मातांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि मोजके पाणी यांचे मिश्रण त्यांच्याच हातांनी करावयास लावले. मागाहून दुसरी व्यक्ती जाऊन माता काय शिकली ते पाही आणि त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. किती घरे फिरली याचा हिशेब नव्हता, किती घरांत ज्ञान रुजले याचा होता. तरीही आरंभी हे पाणी वापरणारी घरे थोडीच निघाली. शोध घेता कळले, की घरातील पुरुषांना कोणी विश्वासातच घेतले नव्हते. मग बाजारात, शाळांत आणि मशिदींतही सभा झाल्या, आणि काम मार्गी लागले. जेथे माणसे आपण होऊन जमतात तेथे शिकवण घेऊन गेले पाहिजे, हा त्या अनुभवाचा इत्यर्थ.

आपल्या महाराष्ट्राला हा इत्यर्थ नवा नाही. संत गाडगे महाराज दिवसा खराट्याने यात्रेचे गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. त्यांचे कीर्तन प्रश्नोत्तरांचे असे. ते श्रोत्यांना विचारीत, श्रोते उत्तर देत आणि उत्तर देतादेताच स्वतःची चूक ओळखीत. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले, तेव्हा त्यांनी खेड्यातील अल्पशिक्षित, काही तर निरक्षर स्त्रियांनाच आरोग्यसेविका केले; कारण शेजारणीचे बोलणे शेजारीण ऐकते. आणि आमच्या करवीरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१९ साली सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले करण्याचे हुकूम काढले. सर्वांना जेथून पाणी घेता येते तेच पाणी खऱ्या अर्थाने शुद्ध, हा आरोग्याचा पहिला पाठ त्या राजाने आम्हांस शंभर वर्षांपूर्वी दिला.

आज हा वारसा कोण चालवीत आहे? २००५ पासून गावोगावी आलेली आशा ताई, अंगणवाडीच्या बाई, आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. पावसाळ्यापूर्वी पाण्याच्या उद्भवांची पाहणी होते आणि धोका असलेल्या गावाला लाल कार्ड मिळते; दोष दूर केले की हिरवे कार्ड लाभते. जलसुरक्षक विहिरीत अथवा टाकीत टीसीएल पावडर टाकतो आणि थेंबभर औषधाने पाण्याला येणारा पिवळा रंग पाहून क्लोरीन पुरेसे आहे की नाही ते ठरवतो. आशा ताई घरोघर फिरून क्षारसंजीवनीची पुडी देते आणि ती कालवून दाखवते. शाळांतून मुलांना हात धुण्याचे टप्पे शिकवले जातात. आमच्या मते या साऱ्या साखळीतील सर्वांत भक्कम कडी म्हणजे हे मूल. शाळेत शिकलेला धडा ते घरी नेते, आणि नातीने भर पंगतीत ‘आजोबा, आधी हात धुवा’ म्हटले तर तो शब्द मोडण्याची हिंमत कोणत्या आजोबांत आहे?

यात मुलांचा खेळ काही नाही, हे मात्र विसरू नये. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची भीषण साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. दूषित पाण्यातून येणारी ही कावीळ गरोदर स्त्रियांना विशेष घातक असते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर आम्ही पाहिले. पूर ओसरल्यावर गाळाने भरलेल्या घरांत, बुडालेल्या विहिरींच्या काठी दुसरे संकट दबा धरून बसलेले असते. अशा वेळी सरकारी गाडी पोचेपर्यंतचे पहिले दोन दिवस घरातील माणसांच्या ज्ञानावरच निभावतात.

म्हणून आमचे असे नम्र सांगणे आहे, की त्र्यंबोलीच्या यात्रेस निघणाऱ्या प्रत्येक गल्लीने यापुढे दोन घागरींचा वसा घ्यावा. एक घागर देवीची, दुसरी घरची. देवीची घागर आपण घासूनपुसून लखलखीत करतो, तिला हळदकुंकू लावतो, ती जमिनीवर टेकू देत नाही. तोच मान घरातील पिण्याच्या पाण्याच्या घागरीला द्यावा. ती रोज घासावी, झाकून उंचावर ठेवावी, तिच्यात हात न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढावे. पावसाळ्यात पाणी खळखळून उकळून, निववून प्यावे. ते शक्य नसेल तर क्लोरीनचे औषध सांगितलेल्या मापाने घालून अर्धा तास थांबावे.

यात्रेदिवशी तालमीच्या दारात एक मेज मांडावे. तेथे आशा ताईंनी नव्हे, तर त्यांनी शिकवलेल्या गल्लीतील मुलांनी, जमलेल्या थोरामोठ्यांना पाणी करून दाखवावे: उकळून निवलेले एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि माप चुकवावयाचे नाही, कारण मीठ जास्त झाले तर अपाय होतो. जुलाब सुरू होताच हे पाणी घोटघोट द्यावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे, झिंकच्या गोळ्यांविषयी आशा ताईंना विचारावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली अथवा शौचातून रक्त पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा. नैवेद्य वाढण्यापूर्वी साबणाने हात धुण्याची सोय त्याच मेजाशेजारी असावी. एवढ्यासाठी वर्गणी वाढवावी लागणार नाही.

कोणी म्हणेल, देवीच्या उत्सवात दवाखान्याची भाषा कशाला? आम्ही उलट विचारतो, साथीपासून लेकराबाळांचे रक्षण कर असे जिच्यापुढे म्हणावयाचे, तिच्या उत्सवात त्या रक्षणाची विद्या नको, तर मग कोठे हवी? श्रद्धेची टवाळी करून आरोग्य शिकवता येत नाही, कारण दुखावलेला मनुष्य कान बंद करतो. श्रद्धेचा हात धरून मात्र ते शिकवता येते.

जाता जाता त्र्यंबोलीच्या कथेचे स्मरण करू. कामाक्ष दैत्याच्या संकटातून तिने देवांना सोडवले. परंतु विजयोत्सवाच्या वेळी तिलाच बोलावण्याचे राहून गेले. रुसलेली देवी टेकडीवर पाठ फिरवून बसली. अखेर अंबाबाईला स्वतः तिच्या भेटीस जावे लागले, आणि ललितापंचमीस ती आजही जाते. साथ आली की आपण आशा ताईंची वाट पाहतो. साथ ओसरली, हारतुरे वाटण्याची वेळ आली, की त्यांचे नाव कोणाच्या ध्यानात राहत नाही. या आषाढात टेकडीवरून परतताना आपल्या गल्लीतील त्या भगिनीच्या दारापाशी मिरवणूक क्षणभर थांबावी. तिच्या ओटीत एक नारळ घालावा, आणि ती सांगेल ते दोन शब्द उभ्याउभ्या ऐकून घ्यावेत. आई त्र्यंबोली ते पाहून खचित प्रसन्न होईल.