जहाज मोडते का? फासळ्यांच्या दिशेचे गणित

जानेवारी २००७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रॅन्स्कम या खेड्याच्या पुळणीवर कंटेनर वाहून आले. त्यांतल्या नव्याकोऱ्या मोटारसायकली आणि लाकडी पिंपे उचलण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. जगभरच्या वृत्तवाहिन्यांनी हे दृश्य पुनःपुन्हा दाखवले. ज्या जहाजावरून हा माल पडला, त्या 'एमएससी नापोली'ची कथा मात्र त्याहून अधिक उद्बोधक होती.

१८ जानेवारीला इंग्लिश खाडीतील वादळात सुमारे २७५ मीटर लांबीच्या या जहाजाचे पत्रे दोन्ही बाजूंना तडकले आणि इंजिनाच्या दालनात पाणी शिरले. जीवरक्षक नौकेत उतरलेल्या सर्व २६ जणांना हेलिकॉप्टरांनी वाचवले. जहाज खडकावर आदळले नव्हते, कोणाशी त्याची टक्करही झाली नव्हती. मग ते तडकले का? याचे उत्तर त्याच्या सांगाड्यात होते.

तरंगती तुळई

इमारतीला पाया असतो आणि तो हलत नाही. जहाजाचा आधार मात्र क्षणोक्षणी बदलतो. लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की दोन्ही टोके खाली झुकू पाहतात. डेक ताणला जातो आणि तळ दाबला जातो. पुढच्याच क्षणी दोन लाटांचे माथे दोन टोकांखाली येतात. आता मधल्या भागाला झोळ पडू लागतो, डेक दाबला जातो आणि तळ ताणला जातो. म्हणजे संपूर्ण जहाज ही एक तुळईच असते. रेल्वेच्या पुलाखालील गर्डरप्रमाणे तिच्या वरच्या व खालच्या पट्ट्यांवर सर्वाधिक भार येतो. फरक इतकाच, की हा भार दर काही सेकंदांनी उलटतो.

जहाज जितके लांब, तितका हा वाक झपाट्याने वाढतो. छोट्या होडीला मुख्यतः बाजूने दाबणाऱ्या पाण्याला तोंड द्यावे लागते. मोठ्या जहाजाला त्याशिवाय स्वतःची पाठ सांभाळावी लागते.

पठाण आणि वांक

कोकण व गुजरातच्या किनाऱ्यावर होडीच्या तळाच्या कण्याला 'पठाण' आणि त्यातून दोन्ही बाजूंना वर जाणाऱ्या फासळ्यांना 'वांक' म्हणतात. कणा, फासळ्या आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या अशी ही जुनी पद्धत आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील कारागिरांनी सागवानी युद्धनौका बांधल्या त्याही अशाच. १८१७ मध्ये जलावतरण झालेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहता येते.

एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या जागी लोखंड आले, पण सांगाड्याची कल्पना बहुधा तीच राहिली: जवळजवळ बसवलेल्या आडव्या फासळ्या आणि त्यांवर पत्रा. वेगळा विचार करणाऱ्यांत इसाम्बार्ड ब्रुनेल हा अभियंता अग्रणी होता. १८५८ मध्ये पाण्यात उतरलेल्या त्याच्या 'ग्रेट ईस्टर्न'ला दुहेरी तळ होता आणि तिचा सांगाडा प्रामुख्याने लांबीच्या दिशेने बांधलेला होता. ही पद्धत रुळली ती मात्र पुढे जोसेफ इशरवूड यांच्यामुळे. त्यांनी १९०६ मध्ये एकस्व घेतले आणि १९०८ मध्ये त्यांच्या पद्धतीचे 'पॉल पे' हे तेलवाहू जहाज तयार झाले. त्यात जहाजाच्या टोकांकडे धावणारे पोलादी दांडे जवळजवळ बसवलेले होते आणि त्यांना आधार देणाऱ्या भक्कम आडव्या चौकटी दूरदूर होत्या.

पत्रा दुमडतो कसा?

दिशेने एवढा फरक का पडावा? एक पोस्टकार्ड उभे धरून वरून दाबले, तर ते फाटत नाही. त्याला पोक येतो. पातळ पोलादी पत्राही दाबाखाली असाच वागतो. ज्या ताणाला तो सहज पुरून उरला असता, तेवढ्याच दाबाखाली तो फुगतो आणि दुमडतो.

फासळ्या आडव्या असतील, तर दोन फासळ्यांमधला पत्रा दाबाच्या दिशेने मोकळा राहतो आणि लवकर फुगतो. दांडे लांबीच्या दिशेने असतील, तर तोच पत्रा अरुंद पट्ट्यांत विभागला जातो आणि दोन्ही कडांना त्याला आधार मिळतो. जाडी व अंतर तेच ठेवूनही त्याची दुमडण्याविरुद्धची ताकद जवळपास चौपट होते. शिवाय दांडे स्वतःही दाबाचा वाटा उचलतात. आडव्या फासळ्या तो उचलू शकत नाहीत.

तरीही आडव्या फासळ्या बाद झालेल्या नाहीत. लहान जहाजांत, तसेच मोठ्या जहाजांच्या निमुळत्या टोकांकडे त्या सोयीच्या ठरतात. त्यामुळे एकाच जहाजात दोन्ही पद्धती आढळतात.

जिथे पद्धत बदलते

'नापोली' तडकली ती नेमकी अशा सांध्याजवळ. इंजिनाच्या दालनाजवळ तिचा लांबीच्या दिशेचा सांगाडा संपून आडव्या फासळ्या सुरू होत होत्या. ब्रिटिश सागरी अपघात तपास विभागाच्या निष्कर्षानुसार तेथील पत्र्यात दुमडण्याविरुद्ध पुरेशी ताकद नव्हती. जहाज १९९१ मध्ये बांधले गेले, तेव्हाच्या नियमांनुसार अशी तपासणी जहाजाच्या मध्यभागापलीकडे आवश्यक नव्हती. डेकवरच्या अनेक कंटेनरांचे खरे वजन आणि कागदावरचे वजन यांतही तफावत आढळली. त्यानंतर दीड हजारांहून अधिक कंटेनर जहाजांचे आराखडे पडताळण्यात आले. त्यांपैकी बारा जहाजांत दुरुस्तीची गरज दिसली.

प्रश्न तिथेच संपला नाही. १७ जून २०१३ रोजी अरबी समुद्रात, येमेनपासून सुमारे २०० सागरी मैलांवर, 'एमओएल कम्फर्ट' हे ३१६ मीटर लांबीचे आणि केवळ पाच वर्षांचे जहाज मधोमध मोडले. सर्व २६ जण वाचले. दोन्ही तुकडे मात्र काही आठवड्यांत बुडाले. या वेळी संशय तळावर गेला. कंटेनर जहाजाचा मधला भाग रुंद व टोके निमुळती असल्याने त्याची पाठ शांत पाण्यातही बहुधा उंचावलेली असते आणि तळ सतत दाबाखाली राहतो. त्याच बनावटीच्या अन्य जहाजांच्या तळाच्या पत्र्यांना सुमारे २० मिलिमीटरपर्यंतचे बाक आढळले. त्यांचे तळ अधिक मजबूत करण्यात आले आणि २०१५ मध्ये कंटेनर जहाजांच्या ताकदीचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले.

जगाचा बहुतांश माल आजही समुद्रमार्गेच येतो-जातो आणि जहाजे सतत लांब व रुंद होत आहेत. बंदरात उभ्या असलेल्या अशा जहाजाची भव्यता नजरेत भरते ती बाहेरच्या रंगवलेल्या पत्र्यामुळे. वादळात ते तरते, ते मात्र त्या पत्र्यामागील न दिसणाऱ्या दांड्यांच्या बळावर आणि ते कोणत्या दिशेने, कुठवर नेले आहेत यावर.